नव्या रिंगा आणि जुना सिलिंडर
इंजिनाचा सिलिंडर घरच्याघरीं होन करण्याविषयीं कांहीं व्यावहारिक विचार

विहिरीवरील तेलाचें इंजीन जुनें झालें कीं, तें धुरावरून व तेलाच्या खर्चावरून आपली अवस्था सांगूं लागतें. अशा वेळीं बहुतेक शेतकरी बाजारांतून नव्या रिंगा आणून बसवितात. आणि कित्येकांस असा अनुभव येतो कीं, पैसा खर्च होऊनही धूर पूर्ववत् राहतो. मग दोष रिंगांच्या मालास दिला जातो. वास्तविक पुष्कळ वेळां रिंगा निर्दोष असतात. ज्या भिंतीवर त्यांनीं चालावयाचें ती भिंत मात्र त्यांच्यासाठीं तयार केलेली नसते. ही भिंत तयार करण्याच्या क्रियेस कारखान्यांतून 'होन मारणें' असें म्हणतात. ही क्रिया घरीं करतां येते काय, केव्हां करावी, आणि केव्हां मुळींच करूं नये, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

गांवोगांव वीज पोंचली व सूर्यशक्तीवर चालणारे पंपही आले, हें खरें. तथापि भर रब्बींत वीज रात्रीं-अपरात्रीं येते किंवा ऐन वेळीं जाते, तेव्हां कोपऱ्यांतील जुन्या इंजिनाचीच आठवण होते. गहूं फुलोऱ्यावर असतांना एक पाळी चुकली तर तिची भरपाई पुढें कितीही पाणी देऊन होत नाहीं. म्हणून इंजीन कामास लागण्यापूर्वींच, आषाढ-श्रावणांत तें रिकामें असतांना, त्याची दुरुस्ती उरकून घेणें शहाणपणाचें होय.

इंजिनांच्या दोन जाती

आपल्याकडे शेतावर मुख्यत्वें दोन जातींचीं डिझेल इंजिनें आढळतात. पहिली जात सावकाश फिरणाऱ्या, दोन मोठ्या चाकांच्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांची. इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टर कंपनीनें ही घडण १९२९ सालीं बाजारांत आणिली व तिच्या नमुन्यावर पुढें राजकोट येथें असंख्य इंजिनें तयार झालीं. यांतील सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आंतील व्यास, ११४.३ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धांव, १३९.७ मिलिमीटर, आणि वेग मिनिटास ६५० फेरे असतो. दुसरी जात जलद फिरणाऱ्या लहान इंजिनांची. १९४६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचें पांच अश्वशक्तीचें एव्ही-१ हें इंजीन पुष्कळांच्या परिचयाचें आहे. त्याचा बोअर ८० मिलिमीटर, धांव ११० मिलिमीटर व वेग मिनिटास १५०० फेरे.

आतां या आंकड्यांवरून एक हिशेब करून पाहावा. लिस्टर पद्धतीच्या इंजिनांत पिस्टन प्रत्येक फेऱ्यांत एकदां वर व एकदां खालीं जातो, म्हणजे २७९.४ मिलिमीटर अंतर तोडतो. याप्रमाणें तासास सुमारें ११ किलोमीटर, व आठ तासांच्या पाळींत सुमारें ८७ किलोमीटर त्याची चाल होते. एव्ही-१ मध्यें हीच चाल तासास सुमारें २० किलोमीटर पडते. हा सर्व प्रवास रिंगांनीं केंसाहून पुष्कळ पातळ अशा तेलाच्या थरावरून करावयाचा असतो. तो थर टिकला तर इंजीन वर्षानुवर्षें चालतें. तो तुटला तर लोखंड लोखंडास खातें.

रिंग व भिंत यांचा संबंध

पिस्टन सिलिंडरांत घट्ट बसविलेला नसतो. तापल्यावर त्यास फुगण्यास जागा ठेवावी लागते. ही जागा बंद करण्याचें काम रिंगांचें. वरच्या तीन-चार रिंगा दाब राखतात व खालची तेलाची रिंग भिंतीवरील जास्तीचें तेल खरवडून खालीं नेते. रिंग आपल्या अंगच्या ताणानें भिंतीस टेकते. पण तिला खरा जोर मिळतो तो तिच्या मागें शिरणाऱ्या हवेच्या दाबानें. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते व त्या उष्णतेनेंच तेल पेटतें. रिंगेशेजारून हवा निसटली कीं दाब कमी, उष्णता कमी, आणि थंडीच्या पहांटे हँडल फिरवून फिरवून माणूस घामाघूम झाला तरी इंजीन सुरू होत नाहीं.

नव्या सिलिंडरच्या भिंतीकडे निरखून पाहिल्यास तिच्यावर एकमेकींस तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ही जाळी म्हणजे कारागिराचा निष्काळजीपणा नव्हे. ती बुद्ध्या पाडलेली असते. तिचें काम दुहेरी आहे. रेघांच्या खांचांत तेल ठरून राहतें. आणि रेघांमधील सूक्ष्म उंचवटे नव्या रिंगेचें तोंड हलकेंच घासून तिला त्या विशिष्ट सिलिंडरच्या आकाराशीं जमवून घेतात. पेरणीपूर्वीं जमीन ढेंकूळमय असूं नये, तशी ती चोपडीही असूं नये. दोहोंच्या मधली स्थिति पाहिजे. सिलिंडरच्या भिंतीचेंही तसेंच आहे.

इंजीन दीर्घकाळ चाललें म्हणजे हे उंचवटे झिजतात, खांचा जळक्या तेलाच्या राळेसारख्या पुटानें भरतात, आणि भिंत आरशासारखी चकाकूं लागते. ही चकाकी पाहून अनभिज्ञ मनुष्यास समाधान वाटतें. जुन्या रिंगांपुरती ती फारशी बाधक नसते, कारण त्या तिच्याशीं जमलेल्या असतात. परंतु त्याच भिंतीवर नव्या रिंगा घातल्या तर त्या घांसल्या जात नाहींत, घांसल्या न गेल्यामुळें जमत नाहींत, आणि न जमल्यामुळें एका बाजूनें हवा खालीं निसटते व दुसऱ्या बाजूनें तेल वर चढून जळतें. नव्या रिंगा घालूनही निळा धूर कायम राहण्याचें हें एक मुख्य कारण होय.

प्रथम पाहणी, मग खर्च

मुलकी खात्यांत पाहणी केल्यावांचून नोंद होत नाहीं. इंजिनाच्या बाबतींतही हाच नियम पाळावा. धूर दिसला म्हणून रिंगा गेल्या असें समजूं नये. काळा धूर बहुधा जास्त बोजा, गुदमरलेला हवेचा फिल्टर किंवा बिघडलेलें नोझल यांमुळें येतो. निळसर धूर, वारंवार कमी होणारें तेल, आणि ब्रीदरमधून फसफस बाहेर येणारा वायु, हीं तीन लक्षणें एकत्र दिसलीं तर मात्र रिंगांविषयीं संशय घ्यावा.

दाब कमी होण्याचें कारण रिंगा आहेत कीं वाल्व, हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. इंजीन बंद ठेवून नोझल काढावें, त्या छिद्रांतून चहाचा एक चमचाभर इंजिनाचें तेल सिलिंडरांत सोडावें, आणि नोझल पुन्हां बसवून, डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, हातानें चाक फिरवून पाहावें. दाब एकाएकीं सुधारला तर रिंगा किंवा भिंत झिजली आहे. कांहींच फरक पडला नाहीं तर दोष वाल्वांत किंवा हेडच्या गॅस्केटमध्यें शोधावा. एका चमच्याहून अधिक तेल मात्र घालूं नये. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फार थोडी असते, आणि तेल दाबलें जात नसल्यामुळें यंत्रास इजा होते.

हेड व सिलिंडर उतरविल्यावर दुसरी पाहणी करावी. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. वरची रिंग जेथून मागें फिरते तेथें दाब व उष्णता सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून तेथें झीज अधिक होते. त्याच्या वरचा, रिंग न पोंचणारा भाग मूळच्या मापाचा राहतो, व दोहोंच्या मध्यें एक पायरी पडते. ती नखास लागते. ही पायरी काढल्यावांचून नवी रिंग घालूं नये. जुनी रिंग त्या पायरीस सोईची अशी झिजून गोल झालेली असते. नव्या रिंगेची कोर चौकोनी असते, ती पायरीवर आपटून मोडते व तुकडे सिलिंडर ओरबाडून काढतात.

झीज मोजण्यास महाग उपकरण प्रत्येकाजवळ नसतें. परंतु एक नवी रिंग व फिलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, एवढ्यावर बरेंचसें काम भागतें. रिंग सिलिंडरच्या अगदीं खालच्या, न झिजलेल्या भागांत ठेवावी. पिस्टन उलटा धरून तिला हलकेंच लोटावी, म्हणजे ती सरळ बसते. आणि तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. मग तीच रिंग वरच्या पायरीच्या लगेच खालीं आणून पुन्हां फट मोजावी. दोन मापांतील अंतरास ३.१४ नें भागिलें म्हणजे व्यासांतील झीज निघते. उदाहरणार्थ, खालीं फट ०.४० मिलिमीटर व वर ०.७१ मिलिमीटर भरली, तर अंतर ०.३१ आलें, म्हणजे सिलिंडर त्या ठिकाणीं सुमारें ०.१० मिलिमीटर रुंद झाला आहे. या रीतीनें सिलिंडर लंबगोल झाला आहे किंवा नाहीं हें समजत नाहीं. त्यासाठीं कारखान्यांतील बोअर गेजच पाहिजे.

निर्णय

या पाहणीवरून तीनपैकीं एक निर्णय घ्यावयाचा असतो.

झीज अल्प आहे, ओरखडे नाहींत, आणि तिरप्या रेघांची मूळ जाळी अद्याप स्पष्ट दिसते, अशी स्थिति असेल तर होनची गरज नाहीं. भिंत स्वच्छ करून नव्या रिंगा घालाव्या.

झीज अल्प आहे, पण भिंत आरशासारखी चकाकते, अशी स्थिति असेल तर होन मारावा. घरच्याघरीं करण्याजोगें काम तें हेंच.

झीज अधिक आहे, नखास अडकणारे उभे ओरखडे आहेत, गंजाचे खड्डे आहेत, किंवा तडा आहे, अशी स्थिति असेल तर घरीं हात लावूं नये. झिजेची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तकांत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी. पुस्तक नसेल आणि झीज ०.२० मिलिमीटरच्या घरांत गेली असेल, तर रिंगांवर पैसा घालण्यापूर्वीं सिलिंडर चांगल्या कारखान्यांत दाखवावा. तेथें बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात किंवा नवा लायनर बसवितात. घरगुती होन भिंतीचा पोत सुधारतो, आकार सुधारीत नाहीं. लंबगोल किंवा निमुळत्या सिलिंडरांत तो कितीही वेळ फिरविला तरी सिलिंडर लंबगोल व निमुळताच राहतो. फक्त अधिक मोठा होतो. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांचे रिंगांचे पैसे एका हंगामांत वाया जातात व शेवटीं कारखान्याचा खर्च चुकत नाहींच.

सिलिंडरास आंतून क्रोमचा मुलामा दिलेला असेल तरीही होन मारूं नये. आणि अशा सिलिंडरांत क्रोमच्या रिंगाही घालूं नयेत.

होन मारण्याची कृति

घरगुती होन दोन प्रकारचे मिळतात. एकास स्प्रिंगनें बाहेर दाबलेल्या तीन दगडी पट्ट्या असतात. दुसरा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा असून त्याच्या लवचीक काड्यांच्या टोकांस दगडी गोळ्या असतात. हा बोअरच्या मापाप्रमाणेंच घ्यावा लागतो. नवख्या माणसास दुसरा प्रकार अधिक सुरक्षित. दगडाचा दाणा १८० ते २४० नंबरचा असावा. रिंगांच्या पुडक्यावर निर्मात्यानें दाणा सांगितला असल्यास तोच घ्यावा.

सिलिंडर इंजिनाच्या पेटीपासून वेगळा काढूनच हें काम करावें. लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचा सिलिंडर उचलून निघतो. तो जड असल्यामुळें दोघांनीं उचलावा. त्याच्या बुडाशीं असलेले कागदी किंवा पत्र्याचे थर जपून ठेवावे व त्यांची जाडी लिहून ठेवावी. लायनर वेगळा असेल तर तो ओढून काढावा. सिलिंडर जागेवर ठेवून, खालीं चिंध्या कोंबून होन मारण्याचा प्रघात आहे. परंतु दगडाची भुकटी चिंध्यांतून क्रँकच्या बेअरिंगांत उतरते. त्या मऊ धातूंत एकदां ती रुतली कीं कायमची कानस बनते. म्हणून हा प्रघात त्याज्य होय.

सिलिंडर दोन फळ्यांवर उभा व पक्का ठेवावा, म्हणजे होन खालून थोडा बाहेर येण्यास वाव राहतो. भिंतीस व दगडास तेल भरपूर लावावें. पट्ट्यांच्या होनास रॉकेल व पातळ तेल यांचें मिश्रण चालतें. हल्लीं रॉकेल सहज मिळत नाहीं, तेव्हां त्याऐवजीं डिझेल घ्यावें. गोळ्यांच्या होनास होनिंगचें तेल किंवा इंजिनाचें तेल वापरावें. कोरडा होन कदापि फिरवूं नये.

होन हाताच्या विजेच्या ड्रिलनें फिरवितात. येथें मुख्य सूत्र असें: ड्रिल सावकाश, हात जलद. ड्रिल वेगानें व हात मंद चालला तर रेघा जवळजवळ आडव्या पडतात, व अशा रेघा तेल धरतात पण वांटून देत नाहींत. दोन रेघांमधील कोन सुमारें ४५ ते ६० अंशांचा यावा. साडेचार इंची बोअरांत ड्रिल मिनिटास सुमारें २०० फेरे फिरत असेल, तर दर सेकंदास होन एकदां वर व एकदां खालीं आला पाहिजे. म्हणजे हा कोन साधतो. ८० मिलिमीटरच्या बोअरांत ड्रिल ३०० फेऱ्यांवर चालवून हात त्याहून किंचित् जलद ठेवावा. आरंभीं ड्रिल बंद ठेवून नुसत्या हाताच्या चालीची संवय करावी.

होन फिरत असतांनाच आंत घालावा व फिरत असतांनाच बाहेर काढावा. एका जागीं थांबूं देऊं नये, नाहींतर तेथें वर्तुळाकार खांच पडते. दगडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग सिलिंडरच्या तोंडाबाहेर येऊं देऊं नये. आला तर तोंड घंटेसारखें पसरट होतें. दहा-पंधरा सेकंद फिरवावा, थांबावें, फडक्यानें पुसून पाहावें. सर्वत्र सारखी, राखाडी, तिरप्या रेघांची जाळी दिसूं लागली कीं काम संपलें. बहुधा एकंदर अर्ध्या मिनिटांत, फार तर एका मिनिटांत, हें होतें. आपणांस फक्त चकाकी मोडावयाची आहे, लोखंड काढावयाचें नाहीं. कांहीं चट्टे चकाकतच राहिले, तर ते सखल भाग आहेत असें समजावें. ते जावेत म्हणून होन चालवीत राहूं नये. असे चट्टे मोठे असतील तर पुन्हां वर सांगितलेल्या तिसऱ्या निर्णयाकडे वळावें.

ड्रिल नसेल तर १८० ते २२० नंबरचा एमरी कागद हातानें तिरपा फिरवून, दोन्ही दिशांनीं रेघा पाडून, चकाकी मोडतां येते. काम तितकें सारखें होत नाहीं. पण चकाकी तशीच ठेवण्यापेक्षां बरें होतें. कोणत्याही रीतीनें काम करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, उपरणें किंवा सैल बाही जवळ असूं नये, आणि विजेचें ड्रिल ओल्या जमिनीवर उभें राहून चालवूं नये.

धुणें हेंच खरें काम

होन मारण्यास एक मिनिट लागत असेल, तर धुण्यास अर्धा तास द्यावा. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास आधींची सर्व मेहनत उलटते. रेघांच्या खांचांत दगडाचे व लोखंडाचे सूक्ष्म कण रुतून बसतात. ते तेथें राहिले तर नव्या रिंगा पहिल्या कांहीं दिवसांतच झिजतात, आणि कण तेलांत मिसळून बेअरिंगांपर्यंत पोंचतात.

पुष्कळ मिस्त्री सिलिंडर डिझेलनें किंवा पेट्रोलनें धुऊन पुसतात व तो स्वच्छ झाला असें मानतात. हें पुरेसें नाहीं. हे द्रव तेल विरघळवितात, पण कण खांचांत सोडून देतात. कढत पाणी, कपड्यांचा साबण किंवा साबणाची पूड, आणि राठ केंसांचा ब्रश यांनीं भिंत रगडून धुवावी. पाणी दोन-तीनदां बदलावें. नंतर तत्काळ कोरडी करावी, कारण उघडें ओतीव लोखंड पाहतां पाहतां गंजतें. मग स्वच्छ पांढऱ्या कापडावर इंजिनाचें नवें तेल घेऊन आंतून पुसावें. कापडावर करडी छटा उमटली तर पुन्हां साबणपाण्यानें धुवावें. पांढरें कापड पांढरेंच बाहेर येईल तेव्हां सिलिंडर स्वच्छ झाला. याहून सोपी व विश्वासार्ह कसोटी दुसरी नाहीं.

रिंगांची फट व जोडणी

होन मारल्यावर प्रत्येक नवी रिंग सिलिंडरांत घालून फट पुन्हां मोजावी. व ती रिंग जेथवर चालते तेथल्या सर्वांत खालच्या, कमी झिजलेल्या भागीं मोजावी. फटीचें माप निर्मात्याच्या पुस्तकांतून घ्यावें. साधारण नियम असा आहे कीं, बोअरच्या दर इंचास तीन ते चार हजारांश इंच फट असावी. त्या हिशेबानें साडेचार इंची बोअरास सुमारें ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर फट येते. फट कमी असेल तर रिंग तापून वाढल्यावर तिचीं टोकें एकमेकांस भिडतात, रिंग अडकते किंवा मोडते. म्हणून एका टोकास बारीक कानस लावून फट योग्य करावी. थोडी जास्त फट चालेल, कमी चालणार नाहीं.

पिस्टनवरील खांचांतील काजळी जुन्या मोडक्या रिंगेच्या तुकड्यानें खरवडून काढावी. खांचेचें लोखंड किंवा ॲल्युमिनियम मात्र खरवडूं नये. वरची रिंग खांचेंत बसवून तिच्या बाजूची सैल जागा मोजावी. ती ०.१५ मिलिमीटरहून अधिक असेल तर खांच झिजली आहे. तेथें नव्या रिंगेचाही निभाव लागणार नाहीं व पिस्टन बदलणेंच इष्ट. रिंगा खालून वर या क्रमानें, म्हणजे तेलाची रिंग प्रथम, घालाव्या. त्या ओतीव लोखंडाच्या व ठिसूळ असतात. जरूरीपेक्षां जास्त ताणूं नयेत. ज्या बाजूस खूण असेल ती वर ठेवावी. सर्व फटी एका रेषेंत येऊं न देतां निरनिराळ्या दिशांस फिरवून ठेवाव्या. पिस्टन, रिंगा व भिंत यांस नवें तेल लावून मगच सिलिंडर बसवावा, व बुडाशीं मूळच्याच जाडीचे थर घालावे. हेड बसविण्यापूर्वीं पिस्टनवर शिशाची मऊ तार ठेवून, हेड कसून, चाक एकदां हातानें फिरवावें. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे पिस्टन व हेड यांमधील अंतर. तें पुस्तकाप्रमाणें आहे अशी खात्री करावी. हेड उतरलेलेंच आहे तर वाल्वही घासून घ्यावे, आणि गॅस्केट नवें घालावें.

पहिले पंचवीस तास

इंजीन सुरू झाल्यावर पुष्कळ जण तें 'नवें आहे' म्हणून दिवसभर रिकामें फिरवितात. हा समज चुकीचा आहे. रिंग भिंतीशीं जमते ती मागील दाबानें, व दाब येतो बोज्यानें. बोजा नसेल तर भिंतीवर पुन्हां चकाकी चढूं लागते, व सर्व श्रम व्यर्थ जातात. म्हणून इंजीन पांच-दहा मिनिटें गरम होऊं द्यावें आणि लगेच पंप जोडावा. पहिला एक तास अर्ध्या बोज्यावर, नंतरचे कांहीं तास पाऊण बोज्यावर, व मग पूर्ण बोज्यावर, मध्यें मध्यें हलका बोजा देऊन चालवावें. निर्मात्यानें सांगितलेल्या जातीचें साधें खनिज तेल भरावें; महाग कृत्रिम तेल या काळांत घालूं नये. सुमारें पंचवीस तासांनीं तेल गरम असतांनाच काढून नवें भरावें, कारण जमतांना झडलेली धातूची भुकटी त्यांत असते. आरंभीं थोडा धूर दिसला तर घाबरूं नये. या मुदतींत तो कमी होत गेला पाहिजे.

पुन्हां ही पाळी लवकर येऊं नये म्हणून

सिलिंडर लवकर झिजण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें धूळ. मळणीच्या दिवसांत भुसा व माती हवेंतून इंजिनांत जाते. तेलाच्या फिल्टरमधील तेल अशा दिवसांत वरचेवर बदलावें, व फिल्टर काढून ठेवून इंजीन कधींही चालवूं नये. दुसरें अतिथंड पाणी. विहिरीचें ताजें पाणी जोरानें फिरवून इंजीन गार ठेवण्यांत पुष्कळांस भूषण वाटतें. परंतु भिंत थंड राहिली म्हणजे जळणाच्या वायूंतील ओलावा तिच्यावर ठरतो, त्यांत आम्लें उत्पन्न होतात, व भिंत गंजून झिजते. बाहेर पडणारें पाणी ६० ते ७० अंशांवर, म्हणजे हात फार वेळ ठेववणार नाहीं इतकें गरम, असूं द्यावें. तिसरें कारण अतिहलका बोजा. सहा अश्वशक्तीच्या इंजिनावर एका अश्वशक्तीचें काम महिनोन्महिने घेतलें कीं चकाकी चढलीच.

शेवटीं दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक इंजिनाची एक लहान वही असावी. तींत तेल कोणत्या तारखेस बदललें, किती घातलें, किती तास इंजीन चाललें, आणि रिंगांच्या फटीचें माप वर व खालीं किती आलें, एवढें लिहिलेलें असावें. पुढच्या खेपेस मिस्त्री कांहींही सांगो. वहीवरून खरें काय तें समजेल.

दुसरी सूचना सोसायटीपुरती. गोळ्यांचा एक होन, फिलर गेजचा एक जुडगा व एक बोअर गेज, एवढीं उपकरणें एकेकट्या शेतकऱ्यानें घेणें परवडत नाहीं, व घेतलीं तरी तीं वर्षानुवर्षें पडून राहतात. दहा-वीस सभासदांनीं मिळून तीं घेतलीं, एकाच मापाचीं इंजिनें असणाऱ्यांचा गट केला, आणि गांवांतील एखाद्या हुशार तरुणास मापें घेण्यास शिकविलें, तर दरवर्षीं पावसाळ्यांत सर्वांच्या इंजिनांची पाहणी होऊं शकेल. होन चालविण्यास हात पाहिजे, पण तो चालवावा कीं नाहीं हें ठरविण्यास माप पाहिजे. आणि माप घेण्याची संवय गांवांत रुजली तर कार्तिकांत हँडल मारतांच पाटाला पाणी वाहूं लागेल.